धोरणाचा कागद कोण लिहितो?

धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पहिली गोष्ट कोणती घडते, तर देव्हारा जातो आणि त्या जागी मुलांची पुस्तके येतात. आमच्या समाजाच्या या करारीपणाचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु ही पुस्तके आमच्या मुलांना आजही दोनचार ठरावीक दारांपर्यंतच घेऊन जातात. अभियंता व्हावे, डॉक्टर व्हावे, शिक्षक व्हावे, बँकेत चिकटावे, नाही तर स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत वयाची तिशी गाठावी, यापलीकडे आमच्या आईबापांची नजर जात नाही. एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मी सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर पदवी घेणार’ असे म्हटले की घरातून प्रश्न येतो, ‘त्याने नोकरी कोणती लागते?’ हा प्रश्न गैर नाही. ज्या घराने उपास काढले ते भाकरीचा हिशेब आधी मांडणारच. पण त्या प्रश्नाला शेजारीपाजारी जे उत्तर देतात, की ‘ती श्रीमंतांच्या पोरांची थेरे, आपले ते काम नव्हे’, ते उत्तर समाजाचा घात करणारे आहे. त्याचा समाचार घेण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम हा विषय काय आहे ते पाहू. कायदा कसा घडतो, अंदाजपत्रकात पैसा कोणत्या शीर्षाखाली ठेवला जातो आणि कोणत्या वाटेने निघून जातो, योजना फलद्रूप झाली की नाही हे आकड्यांनी कसे तपासावे, याचे पद्धतशीर शिक्षण म्हणजे ही पदवी. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती घेता येते. तिचा अभ्यास कोठे एक वर्षाचा, तर कोठे दोन वर्षांचा असतो. बंगळूर येथील राष्ट्रीय विधि विद्यापीठात हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१४ पासून चालू आहे, मुंबईच्या आय.आय.टी.तही तो आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेतही या विषयाचे शिक्षण मिळते. परदेशात ऑक्सफर्ड, हार्वर्ड, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि कोलंबिया या विद्यापीठांत त्याची स्वतंत्र विद्यालये आहेत. हे शिक्षण घेतलेले लोक मंत्रालयांत, आयोगांत, आमदार-खासदारांच्या कचेऱ्यांत, संशोधन संस्थांत आणि आंतरराष्ट्रीय संघटनांत बसतात. मंत्री ज्या कागदावर सही करतो, त्याचा मसुदा बहुधा यांच्याच हातचा असतो.

तो मसुदा आपल्या हातचा नसला म्हणजे काय होते? मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळविण्यात आले. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवावा हे तत्त्व घटक योजनेच्या रूपाने १९७९-८० पासून मान्य झालेले आहे. तरीही पैसा जातो, कारण तत्त्व मान्य होणे निराळे आणि ते कायद्याच्या कलमात बसविणे निराळे. २०१३ साली आंध्र प्रदेशाने आणि त्याच वर्षी कर्नाटकाने या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. ते कायदे घडले त्यामागे मोर्चे होते, तसेच अंदाजपत्रकाची पाने चाळून, लेखाशीर्षे जुळवून, पैसा कोठे अडतो ते दाखवून देणारे कार्यकर्तेही होते. मोर्चा आमच्या रक्तात आहे. लेखाशीर्ष वाचणारे डोळे मात्र आम्हांला अजून तयार करावयाचे आहेत.

कोणी म्हणेल, ही नवी टूम आहे. बांधवांनो, ही वाट बाबासाहेबांनी स्वतः चालून दाखविलेली आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते काय शिकण्यासाठी? १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. डॉक्टरेटसाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विषय घेतला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसा पैसा जोडून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांनी डी.एस्सी. मिळविली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा ते मंत्री नव्हते, खासदार नव्हते, सरकारी अंमलदारही नव्हते. त्यांच्यापाशी होते ते ज्ञान, आणि त्या ज्ञानापुढे साम्राज्याच्या आयोगाला कान द्यावा लागला. पुढे जुलै १९५६ मध्ये, धर्मांतराच्या अवघ्या तीन महिने अगोदर, शरीर साथ देत नसतानाही त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय काढले. ते त्यांच्या पश्चात फार काळ चालले नाही. त्यांच्या पुतळ्यांची संख्या मात्र आम्ही दरसाल वाढवीत आहोत! त्या विद्यालयाचे ऋण आमच्या माथ्यावर तसेच आहे.

दुसरा आक्षेप असा की, ‘कलेक्टर व्हावे, म्हणजे सत्ता हाती येते, धोरण शिकून काय होणार?’ आमच्या मुलांनी अवश्य कलेक्टर व्हावे. पण त्या परीक्षेस बसणारे लाखो आणि निवडले जाणारे काही शेकडा, हे गणित आईबापांनी एकदा शांतपणे मांडून पाहावे. शिवाय अधिकारी हुकमाची अंमलबजावणी करतो; हुकूम काय असावा हे ठरण्यापूर्वी जी टिपणे लिहिली जातात, जे अहवाल तयार होतात, तेथे आमचे माणूस नसेल तर आमच्याच कलेक्टराच्या हातून आमच्याच विरुद्धचा हुकूम अमलात येईल. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांनी दगा दिल्याची व्यथा बोलून दाखविली होती. खुर्ची मिळाली म्हणजे समाजाचे काम झाले, ही समजूत त्यांनी तेथेच खोडून काढली होती.

आता सरकारचा हिशेब. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी ठेवलेल्या आहेत. या योजनेच्या नियमावलीत फेब्रुवारी २०२२ मध्ये एक कलम घुसविण्यात आले: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्यास ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण काय, तर हे विषय शिकण्याची सोय देशातच आहे! ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. हे कलम त्या काळी बडोदे संस्थानाने लावले असते, तर जातिसंस्थेची चिकित्सा करू पाहणाऱ्या त्या विद्यार्थ्याला परत बोलाविण्यात आले असते. बडोद्याच्या संस्थानिकाने जे केले नाही ते प्रजासत्ताकाच्या सरकारने करावे काय? ज्याच्या पाठीवर जातीचे वळ आहेत त्याने जगाच्या विद्यापीठात बसून यंत्रशास्त्र शिकावे, पण वळ कोणी उठविले ते मात्र विचारू नये, असा या कलमाचा अर्थ होतो. जुलै २०२५ मध्ये याच योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले आणि प्रथम पत्रे दिली गेली ती फक्त ४० जणांना; उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास विचार करू, असे सांगण्यात आले. निवड झालेल्या मुलाला ‘पैसे आल्यास पाहू’ असे सांगणे ही त्याची क्रूर थट्टा आहे. अशा निर्णयांविरुद्ध निवेदन कोणत्या कलमाखाली द्यावे, निधीची तरतूद कोठे होती आणि ती कोठे खर्ची पडली, हे विचारू शकणारा माणूस कोण? पुन्हा तोच, ज्याने धोरणाचा अभ्यास केला आहे.

परंतु सरकारच्या नावाने बोटे मोडून आमचे कर्तव्य संपत नाही. शिष्यवृत्ती हातची जाते ती पुष्कळदा घरातल्या कागदांपायी. यांतील पहिली गोष्ट धर्मांतराशीच निगडित आहे. ‘दाखल्यावर बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, म्हणून हिंदूच राहू द्या’ असा सल्ला अजूनही काही घरांत दिला जातो. हा सल्ला एके काळी भीतीतून आला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे बौद्ध झालेल्यांच्या केंद्रीय सवलती बंद झाल्या होत्या. राज्याने १९६० नंतर आपल्या कक्षेतील सवलती दिल्या, तरी केंद्राचे दार बंदच होते. ते १९९० च्या दुरुस्तीने उघडले. आज हिंदू म्हणवून घेण्याचे कोणतेही कायदेशीर कारण उरलेले नाही. सवलतीसाठी बावीस प्रतिज्ञा मोडणे हा स्वाभिमानाचा अपमान तर आहेच, शिवाय तो निष्कारण आहे. मात्र एवढे ध्यानात ठेवावे की, दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असून भागत नाही. अनुसूचित जातींच्या यादीतील कोणत्या जातीतून धर्मांतर झाले त्याचा उल्लेख त्यात असावा लागतो. महार, मांग, चांभार अशा कोणत्याही अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धास हा हक्क आहे. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, महसुली कागद, हे सारे आजच शोधून ठेवावे. जातवैधता प्रमाणपत्राला महिनोन् महिने लागतात. ते प्रवेशाच्या वेळी मागून मिळत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. धर्मांतरानंतर अनेक घरांनी आडनावे बदलली. हे योग्यच झाले. पण दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आडनाव, आधारपत्रावर दुसरे आणि पासपोर्टावर तिसरे असेल, तर परदेशी विद्यापीठ आणि शिष्यवृत्तीची कचेरी दोघेही अर्ज बाजूला ठेवतात. राजपत्रात नाव प्रसिद्ध करून सर्व कागदांवर एकच नाव, एकाच वर्णांत करून घ्यावे.

तिसरी गोष्ट वेळेची. परदेशी विद्यापीठांचे वर्ष बहुधा सप्टेंबरात सुरू होते. त्यांतील पुष्कळांचे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. केंद्राच्या शिष्यवृत्तीला जगातील पहिल्या पाचशे विद्यापीठांपैकी एकाचे विनाअट प्रवेशपत्र लागते, पदवीला साठ टक्के गुण लागतात, वय पस्तिशीच्या आत असावे लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते. इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि आपण हा विषय का शिकणार हे सांगणारे निवेदन या गोष्टी प्रवेशाच्या दीड वर्ष अगोदर हाती घेतल्या तरच वेळेवर होतात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. दोन्हींचे नियम सालोसाल बदलतात. म्हणून त्या वर्षाची नियमावली स्वतः, अक्षर न् अक्षर वाचावी. ऐकीव माहितीवर अर्ज करणे म्हणजे अर्ज न करणेच होय.

चौथी गोष्ट पैशाची. शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वीच परीक्षाशुल्क, अर्जशुल्क, पासपोर्ट, कागदपत्रांच्या प्रती असा खर्च करावा लागतो. शेतमजुराच्या किंवा सफाई कामगाराच्या घराला तेवढाच डोंगरासारखा वाटतो आणि हुशार मूल उंबरठ्यावरूनच मागे फिरते. याला उपाय आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले होते. प्रत्येक विहाराने त्या विसाव्या भागातून एक अर्जनिधी उभारावा. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्री ध्वनिक्षेपकांवर जो पैसा उडतो, त्यातून चार मुलांचे अर्जशुल्क भरता येईल. वंदना झाल्यावर आठवड्यातील एक संध्याकाळ विहारात कागदपत्रांसाठी राखावी. ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांनी तेथे बसावे आणि ज्यांना चालावयाची आहे त्यांनी तेथे यावे.

आणि हे सर्व मुलींसाठी आधी करावे. केंद्राच्या योजनेत तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखलेल्या आहेत. घराने ‘आधी लग्न’ म्हटले की ती जागा दुसऱ्याच्या घरी जाते. ज्या धम्मात भिक्षुणीसंघ होता, त्या धम्माच्या घरात मुलीचे शिक्षण पुढे ढकलले जाऊ नये.

भगिनींनो आणि बांधवांनो, वस्तीची पाण्याची योजना, वसतिगृहाचे अनुदान, शिष्यवृत्तीची अट, यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी कोठेतरी बसून लिहीत असतो. आजवर ती आमच्याविषयी, आम्हांला वगळून लिहिली गेली. आमच्या घरातील एक मुलगा, एक मुलगी त्या लेखणीपर्यंत पोचविणे हे धम्मचक्र पुढे नेण्याचेच काम आहे. ज्या घरात यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला मूल आहे, त्या घराने हा अंक खाली ठेवून आजोबांचा शाळेचा दाखला शोधावयास घ्यावा.

जयभीम.