कानातला कोंब

एखादे मूल सारखा एकच कान फळ्याकडे करून बसू लागले, की आम्ही आधी विचारतो, कान वाहतो का? कुंडलमध्ये उत्तर ठरलेले, 'लहानपणापासूनच!' आणि घरी दादीचे कोमट तेल चालूच असते.

अशा वाहत्या कानात कधी लालसर, ओला कोंब दिसतो. तो पॉलिप. सहसा कॅन्सर नसतो, पण त्याच्यामागे फाटलेला पडदा किंवा हाड पोखरणारा कोलेस्टिटोमा दडलेला असू शकतो. म्हणून चिमट्याने ओढू नये. त्याचे मूळ कधी ऐकण्याच्या नाजूक हाडांना, कधी चेहऱ्याच्या नसेला चिकटलेले असते. डॉक्टर दुर्बिणीतून कान साफ करून थेंब देतात, ऐकण्याची तपासणी करतात, गरज पडल्यास सीटी स्कॅन. काही कोंब थेंबांनीच सुकतात.

टणक गाठ वेगळी, ती हाडाची. वर्षानुवर्षे थंड पाण्यात पोहणाऱ्यांना बहुधा दोन्ही कानांत होते. ऐकू नीट येत असेल, मळ अडकत नसेल, तर तिला हात लावायचे कारण नाही.

किर्लोस्करवाडीहून रेल्वेने मिरजेचे सरकारी मेडिकल कॉलेज गाठता येते. तोवर तेल बंद, आणि गुस्लच्या वेळी कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. चक्कर आली किंवा तोंड वाकडे होऊ लागले, तर मात्र त्याच दिवशी निघावे.