बोलायला शिकविणारा आधी काय शिकतो?

दुकानात आलेल्या ग्राहकाशी तासभर सहज बोलणारा व्यापारी समाजाच्या वार्षिक सभेत उभा राहिला की दोन वाक्यांत आभार मानून खाली बसतो. मालाची पारख, बाजाराची नाडी, उधारीचे कडू-गोड अनुभव हे सारे त्याच्यापाशी असते. नसते ते चारचौघांसमोर बोलण्याचे धैर्य. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचे मत ठरावात उतरते आणि जाणत्याचे शहाणपण त्याच्या मनातच राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी मुलांना वक्तृत्वाच्या वर्गात घातले जाते. परंतु तेथे शिकविणाऱ्याची स्वतःची घडण कशी झाली आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या विषयात जगभर ज्यांचे नाव झाले, त्या डेल कार्नेगी यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

कार्नेगी यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1888 रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात, मेरीव्हिल येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. जवळच्या नदीच्या पुरात वारंवार पिके बुडत आणि कर्ज वाढत जाई. बँकेने जप्तीची धमकी दिल्यावर घरी परतताना वडील नदीच्या पुलावर थांबले आणि उडी घ्यावी की नाही, या विचारात बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. पत्नीच्या अढळ ईश्वरश्रद्धेने त्या दिवशी आपल्याला वाचविले, असे त्यांनी पुढे मुलाला सांगितले. अशा घरातला हा मुलगा वॉरेन्सबर्गच्या अध्यापक महाविद्यालयात शिकू लागला, तेव्हा गावात राहण्या-जेवण्याचा खर्च परवडत नसल्याने रोज घोड्यावरून ये-जा करी. तोकड्या कपड्यांची त्याला लाज वाटे. मान मिळविण्याचा एक मार्ग म्हणून त्याने वक्तृत्व स्पर्धा निवडल्या आणि एकामागून एक हरत गेला. घोड्यावर बसल्या बसल्या, गाईंचे दूध काढता काढता त्याने सराव चालू ठेवला. अखेर यश आले. तेव्हा इतर विद्यार्थी त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. शिक्षकपणाचा आरंभ असा पराभवांच्या पोटी झाला.

पदवी मात्र हाती आली नाही. पुढे पत्राद्वारे शिक्षण देणाऱ्या संस्थेचे अभ्यासक्रम, नंतर एका मांस कंपनीचा माल, न्यूयॉर्कमध्ये नाट्यशिक्षण व थोडा अभिनय, त्यानंतर मालमोटारींची विक्री, अशी वळणे त्यांनी घेतली. यांतील काही व्यवसाय जैन आचाराला न मानवणारे आहेत, हे खरेच. परंतु अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून त्याचे मन कसे जाणावे, हे त्या भटकंतीने त्यांना शिकविले.

1912 साली न्यूयॉर्कच्या 125 व्या रस्त्यावरील वाय.एम.सी.ए. संस्थेत त्यांनी रात्रीचा वर्ग मागितला. दर रात्री 2 डॉलर पगार देण्यास व्यवस्थापक तयार झाला नाही. उत्पन्नातील वाटा मात्र मान्य झाला. विद्यार्थी फी हप्त्याने भरत. उपयोग वाटला नाही की हप्ता बंद! व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. शिष्याची प्रगती हीच गुरूची मिळकत ठरल्याने पोकळ सिद्धांत सांगण्याची सोयच उरली नाही.

आरंभीच्या एका वर्गात कार्नेगींपाशी सांगण्यासारखे काही उरले नाही. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांनाच उभे केले आणि ज्या गोष्टीचा राग येतो, तिच्याविषयी बोलायला लावले. आश्चर्य असे की, अडखळणारे लोक भीती विसरून बोलू लागले. आपण जे भोगले आहे, त्याविषयी बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत, हे मर्म तेथे गवसले. आवाजाचे चढउतार आणि हातवारे दुय्यम ठरले. स्वानुभव प्रथम आला.

वर्ग वाढले तसे इतर शिक्षक घडवावे लागले. त्यांच्या संस्थेच्या परंपरेत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने आधी स्वतः विद्यार्थी म्हणून अभ्यासक्रम पूर्ण करायचा, मग वर्गात साहाय्यक म्हणून काम करायचे आणि त्यानंतर प्रशिक्षण घेऊन ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शिकवायचे, असा क्रम आहे. शिक्षकाने चूक दाखविण्याची घाई करू नये; बोलणाऱ्यात जे चांगले आहे, ते आधी नेमके ओळखून सांगावे, ही त्यातील मुख्य शिस्त. म्हणजेच बोलण्याचा शिक्षक होण्यासाठी ऐकणे आणि स्वतःची जीभ आवरणे आधी शिकावे लागते. विख्यात गुंतवणूकदार वॉरेन बफे तरुणपणी सभेत बोलण्याच्या कल्पनेनेच घाबरत. एकदा नाव नोंदवून त्यांनी माघार घेतली. पुढे 100 डॉलर भरून हा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याचे प्रमाणपत्र त्यांनी आपल्या कार्यालयात लावले, विद्यापीठाच्या पदव्या नव्हे.

जैन परंपरेला हा क्रम अपरिचित नाही. साधू-साध्वींचा चातुर्मास नसलेल्या गावी पर्युषणात जाणारे स्वाध्यायी बंधू-भगिनी आधी श्रोते असतात, मग अभ्यासक होतात आणि नंतर वाचनास बसतात. एक भेद मात्र ध्यानी ठेवला पाहिजे. कार्नेगींच्या पद्धतीत प्रभाव पाडणे हे उद्दिष्ट आहे. खोट्या स्तुतीचा त्यांनीही निषेध केला; तरी हे कौशल्य लोभाच्या किंवा मायेच्या हाती गेले, तर गोड बोलून फसविण्याचे साधन होऊ शकते. तेथे भाषासमितीची मर्यादा हवी. हितकर, परिमित आणि निःसंदिग्ध वचन ही कसोटी व्यासपीठावर तितकीच लागू आहे, जितकी पेढीवर.

म्हणून मुलाला किंवा सुनेला वक्तृत्वाच्या वर्गास पाठविताना शिक्षकाच्या पदव्या व बक्षिसे मोजण्यापूर्वी त्याचा एखादा वर्ग मागे बसून पाहावा. तेथे तो किती वेळ स्वतः बोलतो आणि किती वेळ इतरांचे ऐकतो? अडखळणाऱ्याला हसू दिले जाते की धीर दिला जातो? स्वतः कधी भ्याला होता, हे त्याला आठवते का? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर फी निःशंक भरावी. आणि स्थानकाच्या सभागृहात आठवड्यातून एकदा दहा-बारा जणांनी जमून प्रत्येकी दोन मिनिटे स्वानुभव सांगावा, बाकीच्यांनी शांतपणे ऐकावा, एवढ्यासाठी तर फीचीही गरज नाही.