पडद्यावरचा मुसलमान मराठी कधी बोलणार?

दूरदर्शनवर १९८८ साली ‘मिर्झा गालिब’ आली, झी टीव्हीवर २०१२ साली ‘कुबूल है’. एकीत दिल्लीची शायरी, दुसरीत भोपाळचे श्रीमंत घराणे. २०२० च्या ‘पाताल लोक’मधला फौजदार इम्रान अन्सारी हुशार, प्रामाणिक; तरी खात्यातच त्याच्या धर्मावरून टोमणे. शेरवानी, संशय आणि सोशिकपणा, एवढ्यातच आपण संपतो काय? मिरजेत सतार घडवणारा कारागीर, कोकणातला खलाशी, घरात मराठी बोलणारी त्याची माय मालिकांत शोधूनही क्वचितच सापडते. नुसता वाहिन्यांच्या नावाने शिमगा करून भागणार नाही. हमीद दलवाईंनी १९६५ साली ‘इंधन’मध्ये कोकणातले मुस्लिम जीवन मराठीत मांडलेच ना? मग पटकथाही आपणच लिहू या. आपले घर दुसऱ्याने रंगवले, तर रंगही त्याच्याच पसंतीचा लागणार!