गाडीला दम खाऊ द्या!

"पोरी, तेलाला जळका वास मारतोय. गाडी पळवली का भट्टीवर ठेवली व्हती?"

दिवाळीला माजलगावला गेले, तर मामांनी फराळाच्या आधी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. डिपस्टिक काढली, थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. मामा पंचवीस वर्षं ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर ऊस नेतात. त्यांच्यापुढे थापा मारण्यात पॉइंट नव्हता.

तर कन्फेशन. महिन्यापूर्वी आम्ही चौघं आपापल्या गाड्या घेऊन पुण्याहून थेट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या रेसट्रॅकवर गेलो होतो. ट्रॅक डे! साधारण 3.7 किलोमीटरचा एक लॅप, डोक्यावर हेल्मेट आणि खाली माझी सेकंडहँड टर्बो-पेट्रोल हॅचबॅक, जिचे हप्ते अजून तीन वर्षं जायचेत. चौथ्या लॅपला एका वळणावर तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. टेम्परेचरचा काटा मात्र मधोमध, शांत. म्हटलं, सेन्सरचं काहीतरी असेल. आणखी दोन लॅप मारले, पिटमध्ये आले, खटकन इंजिन बंद केलं आणि फोटो काढायला पळाले.

आता यातली गंमत (म्हणजे माझा मूर्खपणा) अशी की, डॅशबोर्डवरचा तो काटा तेलाचा नसतोच. तो कूलंटचा, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याचा. थर्मोस्टॅट आणि फॅन मिळून पाण्याला ताळ्यावर ठेवतात आणि बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच मध्ये स्थिर राहील असा बसवलेला असतो. तेलाची नोकरी वेगळी. ते बेअरिंगमधून जातं, पिस्टनच्या पोटाखालची उष्णता उचलतं, टर्बोच्या शाफ्टलाही तेच भिजवतं. रोजच्या ड्रायव्हिंगला ते साधारण 90 ते 110 अंशांवर असतं. ट्रॅकवर पाच-सहा हजार आरपीएम सतत धरून ठेवले की 120, मग 130 कधी झालं कळत नाही. त्यापुढे साधं तेल इतकं पातळ होतं की प्रेशर पडतं आणि क्रँक नि बेअरिंगमधला तो पातळसा पडदा फाटायला लागतो. वर तेलाचं वयही भराभर वाढतं. ढोबळ हिशेब असा, की दर 10 अंशांना ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट.

माझा दिवा लुकलुकला त्याला आणखी एक कारण होतं. तेल डिपस्टिकच्या खालच्या खुणेला टेकलेलं होतं. जोरात वळलं की ते संपमध्ये एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. म्हणून ट्रॅकवर जाताना लेव्हल वरच्या खुणेजवळ हवी. तिच्या वर मात्र नाही, नाहीतर क्रँक त्याचं ताक घुसळते आणि फेस होतो.

"मग थांबली कशी तू?" मामांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

मामांचा फंडा सोपा आहे. भरल्या ट्रॉल्या घेऊन यार्डात पोचलं की ट्रॅक्टर लगेच बंद करायचा नाही. तंबाखू मळून होईस्तोवर इंजिन चालू. "त्याला दम खाऊ दे." इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथंच जळून कोळसा होतं. रेसिंगवाले याच गोष्टीला कूल-डाउन लॅप म्हणतात! शेवटचा लॅप वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ब्रेक जवळपास न वापरता. नंतर पिटमध्ये बॉनेट उघडून दोन मिनिटं आयडल. गाडी फारच तापली तर एसी बंद आणि हीटर फुल्ल. चेन्नईच्या हवेत ही शिक्षा आहे, पण इंजिनाची तेवढी उष्णता बाहेर पडते.

ऑइल कूलर लावायचा मोह होईल. लावा, पण थर्मोस्टॅटवाला. कारण तेल थंड असणंही वाईटच. पाण्याचा काटा पटकन वर येतो, तेल मागून रमतगमत येतं, म्हणून तेल 80 अंशांच्या आत असताना रेडलाइन नाही. आणि घर ते ऑफिस तीन किलोमीटरवाल्यांनो, तुमचं तेल धड तापतच नाही, त्यातली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर निघत जा.

दुपारी मामांनी तेल उतरवलं. माझ्या गाडीचा फिल्टर कागदी. त्यांनी त्याच्या चुण्या उलगडून उन्हात पेपरवर पसरल्या. चुंबक फिरवला, काही नाही. पण बेअरिंगचा धातू सहसा चुंबकाला धरत नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. मामा कागद तिरका करत राहिले. मी हप्ते मोजत राहिले. आतून मामींची जेवायची हाक तिसऱ्यांदा आली.

तीन-चार बारीक चमकी दिसल्या. "सध्या चाललं. हजार किलोमीटरला परत उघडू."

तेलाच्या टेम्परेचरचा गेज मी त्याच रात्री ऑर्डर केला. 130 ला टेप लावणार, तिथं काटा पोचला की पाय वर. जानेवारीच्या ट्रॅक डेला मामाही येणार म्हणतायत. त्यांची शंका एकच : "तिथं तंबाखू चालती ना?"