चालतंय ना, मग झालं?

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चालतंय ना? मग झालं!" मीही तेच म्हणालो होतो. प्रोजेक्टची शेअर्ड लायब्ररी सापडत नव्हती, म्हणून लिंक करताना '/टीएमपी/बिल्ड' हा पत्ता आरपाथ म्हणून प्रोग्रॅममध्येच कोरून टाकला. प्रोग्रॅम चालला, मार्कही मिळाले.

घोळ नंतर लक्षात आला. लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू होताना लोडर आधी या कोरलेल्या पत्त्यावर लायब्ररी शोधतो, सिस्टिमच्या फोल्डरकडे नंतर वळतो. टीएमपीमध्ये तर कोणीही फोल्डर बनवू शकतं, आणि बऱ्याच मशिनवर रीबूटनंतर ते रिकामंही होतं. मग लॅबच्या सर्व्हरवर कोणी त्याच नावाचं फोल्डर करून त्यात त्याच नावाची लायब्ररी ठेवली असती तर? सरांनी माझा प्रोग्रॅम चालवताच तो परका कोड सरांच्या लॉगिनने चालला असता. तिथे सगळ्यांचे मार्क असतात!

विक्रोळीत कन्नमवार नगरचा पत्ता सांगताना आपण बिल्डिंग नंबर देतो, "मी असेन तिथे या" असं सांगत नाही. प्रोग्रॅमला मात्र तसंच सांगतो. एलडी लायब्ररी पाथ रिकामा असताना स्क्रिप्टमध्ये त्याच्या आधी नवा पत्ता आणि कोलन जोडला, की कोलननंतर काहीच उरत नाही. लोडर त्या रिकाम्या जागेचा अर्थ 'चालू डिरेक्टरी' असा लावतो. ही फक्त नवशिक्यांची चूक नाही बरं का. क्यूटी क्रिएटरमध्येही २०१० साली हीच सापडली आणि २.०.१ आवृत्तीत दुरुस्त झाली.

"आपल्या प्रोजेक्टवर कोण हल्ला करणार?" असं काहीजण म्हणतील. पण इथली सवयच उद्या नोकरीत सोबत येणार ना?

उपाय सोपा आहे. सबमिशनआधी 'रीडएल्फ -डी' चालवा आणि आरपाथ, रनपाथच्या ओळी बघा. टीएमपी, स्वतःचं होम फोल्डर किंवा रिकामी जागा दिसली तर पुन्हा लिंक करा. लायब्ररी सोबत द्यायचीच असेल तर 'डॉलर ओरिजिन' वापरा, आणि त्या फोल्डरवर इतरांना लिहिण्याची परवानगी ठेवू नका. स्क्रिप्टमध्ये जुना पाथ रिकामा असेल तर कोलन जोडू नका.

सरांनाही एक विनंती. व्हायवाला "आउटपुट दाखव" म्हणता, तसं "रीडएल्फ दाखव" असंही म्हणा. अर्धं मिनिट लागेल, पण 'चालतंय ना'ची सवय सुटेल.