गिटारीचा अपराध कोणता?

इंदूरच्या एका देवळात भजनाला स्वस्तातली विजेची गिटार घेऊन आलेल्या मुलास ‘हे विलायती वाद्य येथे चालावयाचे नाही’ असे बजावून परत पाठविण्यात आले. बजावणारे गृहस्थ स्वतः पेटीपुढे बसले होते!

ती पेटी तरी कोठली? १८४० च्या सुमारास पॅरिसला जन्मलेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला हद्दपार केले, ते १९७१ पर्यंत. कीर्तनकारांनी मात्र तिला टाकले नाही.

गिटारीचा खटलाही असाच आहे. न्यू जर्सीच्या नेथन डॅनिएलने १९५४ पासून ‘डॅनइलेक्ट्रो’ गिटारी काढल्या. लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड, आणि ध्वनिग्राहक लिपस्टिकच्या नळीत! १९६२ साली सिअर्स कंपनी त्याची गिटार, ध्वनिवर्धक बसविलेल्या खोक्यासह, सत्तर डॉलरांच्या आत विकीत असे. त्यामुळे सामान्यांची मुले वादक झाली. याच कारखान्याने १९६७ साली सतारीच्या जवारीची नक्कल करणारे वाद्य काढले. मग विलायती कोणते आणि देशी कोणते?

अभंगाचे शब्द बुडू नयेत, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यासाठी आवाज कमी करण्याची कळ त्या वाद्यालाच असते. विश्वस्तांनी ती फिरवावयास सांगावे, आणि मुलाला परत बोलवावे.