विश्लेषण : ५१ मतांची किंमत काय? ‘फ्रॉस्टपंक २’मध्ये कायदा मंजूर करणं इतकं अवघड का आहे?

शहर वसवण्याच्या गेममध्ये साधारण काय असतं? रस्ते आखा, घरं बांधा, कर लावा. खेळणारा म्हणेल ती पूर्व दिशा. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘फ्रॉस्टपंक २’ने हे गणितच बदललं. इथे शहर तुमचं असलं, तरी कायदा तुमच्या एकट्याच्या हातात नाही.

नेमका गेम काय आहे?

जगभर हिमयुग आलंय आणि प्रचंड जनित्राच्या उष्णतेवर ‘न्यू लंडन’ नावाचं शहर तग धरून आहे, अशी ही कथा. २०१८ मधल्या पहिल्या भागात खेळणारा ‘कॅप्टन’ होता. त्याच्यासमोर कायद्यांचं पुस्तक असायचं. लहान मुलांना कामाला लावायचं का, हा प्रश्नसुद्धा त्याच्या एका सहीने निकाली निघायचा. लोक चिडायचे, आशा सोडायचे, पण विरोधात मत द्यायची सोय त्यांना नव्हती.

दुसऱ्या भागाची कथा ३० वर्षांनंतर सुरू होते. कॅप्टन मरण पावलाय. खेळणारा आता ‘स्टुअर्ड’, म्हणजे आपल्या भाषेत कारभारी. त्याला कायदा मांडता येतो, पण मंजूर करते ती १०० प्रतिनिधींची परिषद.

मतांचं गणित कसं चालतं?

बहुतेक कायद्यांना ५१ मतं लागतात. कारभाऱ्याच्या हाती जास्तीची सत्ता देणाऱ्या कायद्यांसाठी मात्र दोन तृतीयांश, म्हणजे ६७ मतं लागतात. साधं बहुमत आणि विशेष बहुमत यातला जो फरक आपण बातम्यांमध्ये ऐकतो, तोच हा.

परिषदेत वेगवेगळे गट आहेत. ‘स्टॉलवर्ट्स’ कॅप्टनचा वारसा सांगतात. यंत्रांच्या जोरावर निसर्गावर मात करायची आणि ज्याची कुवत जास्त त्याला जास्त द्यायचं, हा त्यांचा विचार. ‘पिलग्रिम्स’ नेमके उलट : थंडीशी जुळवून घ्या, समानता ठेवा, परंपरा जपा. मुलांना सक्तीची शाळा हवी की घरच्यांच्या हाताखाली कामाचं शिक्षण, अशा प्रश्नांवर म्हणूनच सभागृह दुभंगतं.

वाटाघाटी होतात कशा?

मतदानाआधी बाजूने किती, विरोधात किती आणि काठावर किती, हे दिसतं. मतं कमी पडत असतील तर एखाद्या गटाशी बोलणी करता येतात. गट फुकट काही देत नाही. त्याला आवडणारा दुसरा कायदा आणा, अमुक संशोधन करा किंवा पुढच्या बैठकीत काय मांडायचं ते आम्हाला ठरवू द्या, अशा मागण्या येतात. वचन दिलं की मुदत सुरू होते. पाळलं नाही तर तो गट दुरावतो. फारच चिडलेले गट रस्त्यावर उतरतात. लोकांचा विश्वास पार संपला तर कारभाऱ्याला खुर्ची सोडावी लागते आणि खेळ तिथेच संपतो.

खरी गंमत इथे आहे. आज हवा असलेला कायदा मिळतो, पण उद्याचा कायदा आधीच विकला गेलेला असतो. एका गटाला दिलेला शब्द पाळताना दुसरा दुखावतो. मग त्याची समजूत काढायला तिसरं वचन! थोड्याच वेळात खेळणाऱ्याच्या लक्षात येतं की आपण शहर कमी आणि उधारीची वही जास्त सांभाळतोय.

आपल्या संसदेशी तुलना करता येईल का?

थोडीफारच. गेममध्ये एकाच गटातले काही प्रतिनिधी काठावर असू शकतात. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. तेव्हापासून व्हीप मोडून मतदान करणाऱ्या सदस्याचं पद जाऊ शकतं. त्यामुळे घासाघीस सभागृहात कमी आणि पक्षापक्षांमध्ये, बंद दाराआड जास्त होते. गेममध्ये मात्र कोणी काय मागितलं आणि कोणाला काय मिळालं, हे सगळं पडद्यावर दिसतं. खऱ्या राजकारणात नागरिकाला हा हिशेब क्वचितच इतका स्वच्छ दिसतो.

मग हा गेम महत्त्वाचा का?

कारण तो खेळणाऱ्याला मोहात पाडतो. वचनं पाळून दमलेल्या कारभाऱ्यासमोर कॅप्टनसारखी निरंकुश सत्ता हाती घेण्याचा मार्गही आहे. वादळ येतंय, इंधन संपतंय आणि परिषद भांडतेय. अशा वेळी ‘हे सगळं थांबवून एकदाचं सरळ करू’ हा विचार खलनायकाच्या नाही, खेळणाऱ्याच्याच डोक्यात येतो. हुकूमशाही नेहमी क्रूर माणसामुळेच येते असं नाही. कधी ती घाईतल्या, दमलेल्या आणि चांगला हेतू असलेल्या माणसाच्या हातूनही येते.

या स्टुडिओला असे प्रश्न नवे नाहीत. युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांवरचा त्यांचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा २०१४ चा गेम शाळांच्या शिफारस यादीत घेण्याचं पोलंड सरकारने २०२० मध्ये जाहीर केलं होतं.

‘फ्रॉस्टपंक २’ लोकशाहीचं गुणगान करत नाही. तडजोड संथ असते, महाग असते आणि कोणाचंच पूर्ण समाधान करत नाही, हे तो लपवत नाही. पण सगळी सत्ता हाती घेतली म्हणून विरोधक नाहीसे होत नाहीत, फक्त त्यांच्याशी बोलायची जागा बंद होते. ५१ मतं जमवण्याची कटकट का सोसायची, याचं उत्तर त्यातच आहे.